रुमालाखालचे ऑइल



आज ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांनी बाजार समितीच्या आवारातला रुमाल पाहिलेला आहे. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर येत, हातांवर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे. माल आपला, घाम आपला, आणि भाव काय ठरला हे सगळ्यांत शेवटी कळायचे ते आपल्याला. याला हत्ता पद्धत म्हणत. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने उघड लिलावाची वाट दाखवली तरी रुमाल काही लगेच निघाला नाही. ज्या बाजारात शेतकरी ढिगाजवळ उभा राहून ‘भाव मोठ्याने बोला’ म्हणाला, त्या बाजारात तो आधी निघाला.

आज लिहायचे आहे ते दुसऱ्याच एका रुमालाबद्दल. हा रुमाल बाजार समितीत नाही, तालुक्याच्या गावी रस्त्याकडेच्या गॅरेजात आहे. तो व्यापाऱ्याने टाकलेला नाही, आपला आपणच टाकून घेतला आहे. ट्रॅक्टर सर्व्हिसिंगला लावायचा, चावी मिस्त्रीच्या हातात द्यायची, आणि ‘संध्याकाळी येतो’ म्हणून बी-बियाण्याच्या दुकानाकडे, नाहीतर चहाच्या टपरीकडे वळायचे. मागे इंजिनात काय ओतले गेले, कुठल्या डब्यातले, किती, हे आपल्याला ठाऊक नसते. संध्याकाळी आपण पैसे मोजतो आणि ट्रॅक्टर घेऊन घरी येतो.

आमच्या एका सहकाऱ्याची गोष्ट सांगतो. ‘माझे नाव छापू नका’ असे तो म्हणाला. गॅरेजचेही नाव आम्ही छापत नाही. त्याचे कारण पुढे येईल. पन्नास अश्वशक्तीच्या आतला ट्रॅक्टर, बँकेचे हप्ते अजून चालू. कंपनीचे सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी, म्हणून उन्हाळी नांगरटीच्या आधी ड्रायव्हरने ट्रॅक्टर जवळच्या गॅरेजात नेला. ‘ऑइल बदलले, फिल्टर बदलला’ असे सांगून गॅरेजवाल्याने कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, ४,२०० रुपये. त्यानंतर शंभर तासही काम झाले नसेल. नांगरट आटोपत आली असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला. ड्रायव्हरला वाटले वायर सैल झाली असेल. दुसऱ्या दिवशी इंजिनातून टकटक आवाज यायला लागला आणि दुपारी इंजिन जाम झाले. खोलून पाहिले तर क्रँकच्या बेअरिंगा खरवडून निघाल्या होत्या. चेंबरमधून जे निघाले ते, इंजिन खोलणाऱ्या मिस्त्रीच्या शब्दांत, ‘ताकासारखे पातळ’ होते.

पुढचे तुम्हाला सांगायला नको. इंजिनाचे काम होईपर्यंत मृगाचा पाऊस पडून गेला. वाफसा आला तेव्हा याचा ट्रॅक्टर गॅरेजात आणि गावातले भाड्याचे ट्रॅक्टर ज्याच्या त्याच्या रानात. पेरणी बारा दिवस मागे पडली. इंजिनाचा खर्च कागदावर मांडता येतो, गेलेला वाफसा मांडता येत नाही.

तो गॅरेजवाल्याकडे गेला. गॅरेजवाला म्हणाला, “दादा, ऑइल चांगलेच टाकले होते. तुमच्या ड्रायव्हरने गाडी तापवली.” कोणते ऑइल? ‘चांगल्या कंपनीचे.’ डबा कुठे आहे? डबा नाही. बिल? बिल मागितलेच नव्हते. काढलेले जुने ऑइल? ते इंजिन खोलताना सांडून गेले.

आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही की दोष ऑइलचाच होता. ऑइलचा पंप गेला असेल. डिझेल गळून ऑइलमध्ये मिसळले असेल आणि त्याने ते पातळ झाले असेल, तसेही होते. म्हणून गॅरेजचे नाव छापत नाही. कदाचित तो मिस्त्री खरेच बोलत असेल. दुखणे हेच आहे. एवढे नुकसान झाले आणि ते कशाने झाले हे सांगण्यासाठी शेतकऱ्याच्या हातात एक चिठ्ठी, त्यावर एक आकडा, बाकी काही नाही.

बैलजोडीचा काळ आठवा. बैलाला पत्र्या मारायला नेले की बैल पाडण्यापासून शेवटचा खिळा ठोकेपर्यंत मालक तिथून हलत नसे. खिळा तिरपा गेला तर बैल लंगडेल हे त्याला माहीत होते. गाडीच्या कण्याला ओंगण घालायचे तर ते स्वतः घालायचे. गाडीखाली त्याचे नळकांडे टांगलेले असे. त्या जोडीच्या कित्येक पट किमतीचे जनावर आज दारात उभे आहे आणि त्याचे ओंगण कोण घालतो, कशाचे घालतो, याची चौकशी करायला आपल्याला वेळ नाही!

ऑइल इंजिनात करते काय, हे थोडक्यात समजून घेऊ. ते लोखंडावर लोखंड घासू देत नाही, एवढेच त्याचे काम नव्हे. पिस्टनची उष्णता ते वाहून नेते. डिझेल जळून जी काजळी होते ती धुऊन आपल्या पोटात धरून ठेवते, तिचा गाळ बसू देत नाही. जळणातून जे आम्ल तयार होते ते मारते. म्हणून डिझेल इंजिनातले ऑइल थोड्याच तासांत काळे पडले तर घाबरायचे कारण नाही. ते काम करते आहे. बोटावर घेऊन ‘काळे झाले, खराब झाले’ म्हणणारा आणि ‘अजून पिवळे आहे, चालेल’ म्हणणारा, दोघेही चुकतात. ऑइल बदलायचे ते मीटरचे तास बघून, पुस्तकात दिले असतील तेवढ्या तासांनी. रंगावरून एक गोष्ट मात्र नक्की कळते. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. इंजिन चालू करू नका.

आता डब्यावरची अक्षरे. ती परदेशी आहेत म्हणून सोडून देऊ नका. खताच्या पोत्यावरचे १०:२६:२६ आपण वाचायला शिकलोच की. डब्यावर दोन गोष्टी असतात. एक म्हणजे जाडी: १५ डब्ल्यू-४० किंवा २० डब्ल्यू-४०. पहिला आकडा ऑइल थंडीत किती लवकर वाहते ते सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनात त्याची जाडी किती राहते ते सांगतो. दोन्हींचा दुसरा आकडा ४० च आहे, म्हणजे तापल्यावर दोन्हींची जाडी सारख्याच मापात बसते. फरक थंडीचा, आणि आपल्याकडची थंडी ती केवढी! निफाडला द्राक्षे कुडकुडतात तेवढी थंडी या दोन्ही ऑइलांना फारशी जड नाही. पुस्तकात जे लिहिले असेल तेच घाला, पण १५ की २० यावर गॅरेजात वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तो दुसऱ्या गोष्टीवर. ती म्हणजे दर्जाची अक्षरे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजे एपीआय या संस्थेने ती ठरवली आहेत. ‘एस’ ने सुरू होणारी पेट्रोल इंजिनाची, ‘सी’ ने सुरू होणारी डिझेल इंजिनाची. पुढचे अक्षर जसे पुढे सरकते तसा दर्जा वाढतो. सीएफ-४ हा दर्जा १९९० चा, सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा आणि सीके-४ हा २०१६ चा. साधारण नियम असा की जुन्या इंजिनाला नव्या दर्जाचे ऑइल चालते, पण नव्या इंजिनाला जुन्या दर्जाचे चालत नाही. एपीआयने स्वतः सीएफ-४ कधीच कालबाह्य ठरवले आहे, तरी आपल्याकडे ते विकले जाते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या साध्या ट्रॅक्टरचे त्यावर भागतही असेल. पण पुस्तकात सीआय-४ लिहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये तेच ओतले तर ते काजळी पेलू शकत नाही. दोन्ही डब्यांवर ‘१५ डब्ल्यू-४०’ हेच मोठ्या अक्षरांत असते आणि सीएफ-४ बारीक अक्षरांत मागे. फसवणूक करायची तर ती इथे होते, आणि तीही खोटे न बोलता.

‘जुने इंजिन आहे, जाड ऑइल टाका’ असे सांगणारे मिस्त्री गावोगाव आहेत. झिजलेल्या इंजिनाचा धूर जाड ऑइलने काही दिवस कमी होतो, हे खरे. पण सकाळी चालू केल्यावर जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लावते, आणि तेवढा वेळ इंजिन कोरडे घासते. टर्बो असलेल्या इंजिनात तर टर्बोचा दांडा इंजिनाच्या ऑइलवरच फिरतो. आज धूर झाकायचा आणि उद्या टर्बो बदलायचा, असा हा सौदा.

पन्नासपेक्षा जास्त अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर घेतलेल्यांनी जास्त जपायला हवे. १ जानेवारी २०२३ पासून या गटातल्या ट्रॅक्टरना धुराचे नवे नियम लागू झाले. ‘ट्रेम-४’ म्हणतात ते हेच. हे नियम पाळण्यासाठी अनेक ट्रॅक्टरांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी बसवली आहे. अडकलेली काजळी गाळणीत जळून जाते. पण ऑइलमधल्या काही घटकांची जी राख होते ती जळत नाही, तिथेच साठते. म्हणून अशा ट्रॅक्टरांना कमी राखेचे ऑइल लागते. पुस्तकात बहुधा सीके-४ किंवा त्याच्या तोडीचे नाव असते. बॅरलमधले साधे ऑइल दोन-चार वेळा पडले की गाळणी वेळेआधी तुंबते, ट्रॅक्टर ओढेनासा होतो, आणि ही गाळणी स्वस्त नाही. तिच्या खर्चात साध्या आणि योग्य ऑइलमधला कित्येक वर्षांचा फरक भागून जाईल.

मोटारसायकलचेही जाता जाता सांगतो, कारण ती आता घरोघरी आहे. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. तिच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ असे असावे लागते. ‘एमबी’ हे बिनगिअरच्या स्कूटरचे. ते किंवा मोटारीचे निसरडे ऑइल मोटारसायकलमध्ये घातले तर क्लच घसरतो, आणि मिस्त्री क्लच प्लेटा बदलून देतो. दुखणे ऑइलचे, बिल प्लेटांचे. ट्रॅक्टरच्या मागच्या चेंबरचेही तसेच. ब्रेक तेलात बुडालेले असतील तर तिथे कंपनीने सांगितलेलेच ऑइल हवे, नुसते ‘नव्वद नंबर’ नव्हे.

आता प्रश्न असा की गॅरेजवाला असे का करतो? तो काही परका नाही. बहुतेक ठिकाणी तो शेतकऱ्याचाच मुलगा आहे. आयटीआय करून आला, वडिलांच्या दोन एकरांत भागेना म्हणून पाने हातात घेतले. आपण त्याच्याकडे जातो आणि काय म्हणतो? “अमुक गॅरेजवाला पाचशे कमी घेतो.” मजुरीत पाचशे कमी करायला त्याची मजुरीच मुळात किती? फिल्टरची किंमत छापील. मग पाचशे रुपये निघतात कुठून? ऑइलमधून. बॅरलमधले सुटे ऑइल स्वस्त पडते, त्यावर नाव नसते, आणि आपण तर टपरीवर बसलेले असतो. भावात घासाघीस करून आपण त्याला रुमाल हातात देतो. दुसऱ्याला शेतमालाचा रास्त भाव मागणाऱ्यांनी कारागिराची मजुरी पाडून मागावी, हे आम्हाला तरी शोभत नाही. त्याला मजुरी रोख आणि पुरी द्या, ऑइल मात्र आपल्या डोळ्यांसमोर घाला म्हणा.

डोळ्यांसमोर म्हणजे कसे? ट्रॅक्टरचे पुस्तक ट्रंकेत ठेवू नका, सर्व्हिसिंगला सोबत न्या. कोणते ऑइल, किती लिटर, ते त्यात लिहिलेले असते. त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा. शक्य तर सीलबंद डबा स्वतः दुकानातून बिलासह घ्या आणि गॅरेजात न्या. गॅरेजचेच घ्यायचे तर सील तुमच्यासमोर फुटले पाहिजे. त्याआधी झाकण, बॅच नंबर, छापील किंमत बघा. जुने ऑइल इंजिन गरम असतानाच काढायला सांगा आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत थांबा. घाईच्या मिस्त्रीला धार थांबली की नट लावायची सवय असते, आणि तळाचा गाळ आत राहतो. जुना फिल्टर हातात मागा. नुसता पुसून तोच परत बसवल्याची उदाहरणे आम्हाला आमच्याच बैठकांत ऐकायला मिळाली आहेत. ऑइल घातल्यावर इंजिन थोडे चालवून बंद करा, पाच-दहा मिनिटे थांबा आणि सपाट जागेवर गेजपट्टी बघा. वरच्या खुणेच्या पुढे ऑइल गेले असेल तर ‘थोडे जास्त बरे’ म्हणून सोडू नका. जास्त ऑइल क्रँकने घुसळले जाते, त्याला फेस येतो, आणि फेसाने वंगण होत नाही.

रिकामे डबे गॅरेजात सोडू नका. बनावट ऑइलवाल्यांना खरा डबा हवाच असतो. जुने काळे ऑइल गाळून, रंग देऊन त्याच डब्यात भरले जाते. डब्याला खिळ्याने भोक पाडा, मग कुठेही टाका. काढलेले जुने ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडते आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे.

राहिले बिल. “बिल हवे तर १८ टक्के जीएसटी लागेल” असे ऐकले की आपण लगेच नको म्हणतो. छापील किमतीत कर आधीच धरलेला असतो, तेव्हा डब्यावर वेगळा कर मागणे हीच लबाडी आहे. बिलावर ‘ऑइल’ एवढेच नको. कंपनी, १५ डब्ल्यू-४०, सीआय-४, किती लिटर आणि मीटरवरचे तास, एवढे लिहून घ्या. हमीच्या काळात इंजिन गेले तर कंपनी आधी हेच विचारणार.

आणि दाद मागायची वेळ आली तर? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला तो लागू नाही म्हणून शेतकऱ्याला परत पाठवू पाहणारे भेटतात. त्यांना सांगा की स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः कष्ट करणारा या कायद्यात ग्राहकच आहे, आणि शेतकरी ग्राहक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे निगमाच्या खटल्यात मान्य केले आहे. तक्रार आपल्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. पण आयोगापुढे कागद बोलतो. इंजिनात गडबड वाटली तर ऑइल फेकण्याआधी अर्धा लिटर कोरड्या स्वच्छ बाटलीत भरा, बूच घट्ट लावा, तारीख आणि तास लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. जाडी किती, डिझेल किंवा पाणी मिसळले का, कोणत्या धातूची झीज आहे, हे प्रयोगशाळा सांगू शकते. आमच्या सहकाऱ्याजवळ ही बाटली असती, तर दोष मिस्त्रीचा की ड्रायव्हरचा हे तरी कळले असते, आणि कदाचित आम्हीच मिस्त्रीची माफी मागितली असती.

मायबहिणींना एक वेगळे सांगणे आहे. ट्रॅक्टर घरधनी चालवतो, पण हप्त्याची तारीख बहुतेक घरांत तुमच्याच डोक्यात असते. सर्व्हिसिंगचे तासही तुमच्याच वहीत असू द्या. ‘बिल कुठे आहे’ हा प्रश्न घरात विचारला गेला की गॅरेजातही विचारला जातो.

येत्या जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रानंतर एक तास या विषयासाठी ठेवला आहे. येताना आपल्या ट्रॅक्टरचे पुस्तक आणि शेवटच्या सर्व्हिसिंगचा जो काही कागद असेल तो, कोरी चिठ्ठी असली तरी, घेऊन या. एकाच दर्जाचे ऑइल लागणारे एका गावातले आठ-दहा ट्रॅक्टरवाले निघाले तर सीलबंद बादल्या एकत्र घेता येतील; घाऊक दर काय मिळतो याची विचारणा दोन तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी सुरू केली आहे. ज्यांच्या गावात चोख काम करणारा, डबा समोर फोडणारा, बिल देणारा मिस्त्री असेल त्यांनी त्यालाही सोबत आणावे. त्याचे जेवण बैठकीतर्फे.